बटणाचं अंगडं

पत्रिकेच्या अगदी तळाशी, सोनेरी रंगात आणि डोळे बारीक करून वाचावं लागेल अशा अक्षरांत छापलं होतं, ‘कृपया लहान मुलांना सोबत आणू नये.’ ज्या घरात दोन महिनेही न झालेलं मूल आहे, त्या घरी अशी पत्रिका धाडणाऱ्याला एक तर अक्कल कमी असावी, नाहीतर गरजेपेक्षा जास्त. बॉबिनच्या मते जास्त होती. पत्रिका नवरदेवाच्या आईने छापून घेतली होती आणि ती बाई न्यायाधीश होती. न्यायाधीश माणूस चुकून काही छापत नाही.

“म्हणजे मी यायचं नाही,” बॉबिन म्हणाली. “सरळ तसं सांगा ना! बाळ अंगावर पितं. बाळ नाही म्हणजे मी पण नाही. सख्ख्या बहिणीचं लग्न, आणि मी घरी बसून लंगोट धुणार.”

“तू येणार,” आत्या म्हणाली. “आणि बटण पण येणार.”

चार पिढ्या ज्या घराच्या तळमजल्यावर टेलरिंगचं दुकान आहे, त्या घरात माणसांची खरी नावं फक्त सरकारी कामापुरती उरतात. बाबांनी थोरलीचं बॉबिन केलं, कारण ती लहानपणी मशीनमधल्या दोऱ्याच्या रिळासारखी गोल होती आणि दिवसभर स्वतःभोवती गिरक्या घ्यायची. धाकटी काडीसारखी आणि बोलायला टोचरी, म्हणून ती टाचणी. बाबांच्या मोठ्या बहिणीला, म्हणजे आत्याला, तोंडावर कुणी कात्री म्हणत नसे. पाठीमागे मात्र गिऱ्हाइकंसुद्धा म्हणत. आई गेल्यावर या कात्रीनेच दोन्ही पोरींना वाढवलं, वेण्या घातल्या, फटके दिले आणि शिवण शिकवली. टाचणीला शिवण काही आली नाही. ती शिकली, दुसऱ्या शहरात विमा कंपनीत लागली आणि तिथे तिला दातांचा एक डॉक्टर भेटला. त्याची आई जजबाई. उरलं बटण, बॉबिनचं बाळ. ते इतकं नवीन होतं की त्याचं नाव ठेवायला अजून कुणाला सवडच झालेली नव्हती.

बॉबिनला पत्रिकेतली ओळ झोंबली हे खरं. पण आतून ती पेटली होती ती वेगळ्याच गोष्टीने. बटण झाल्यापासून टाचणी एकदाही त्याला बघायला आलेली नव्हती.

गावात आली नव्हती असं नाही. गाऊनचं कापड पसंत करायला आली, तेव्हा दुकानात कोट घालून उभ्या उभ्या बोलली. माप घ्यायला बाबांनी गळ्यातली टेप काढली तर म्हणाली, “मापं जुनीच धरा हो बाबा, मी काय बदलतेय!” आणि गेली. वर जिना चढला की बहीण होती, बाळ होतं. पण सर्दी झाली आहे, बाळाला लागेल, असं खालूनच ओरडून सांगितलं. पुढच्या खेपेलाही सर्दी. त्याच्या पुढच्या खेपेला ट्रायलला तर आलीच नाही, नुसतं भलंमोठं कापडी अस्वल पाठवलं. बॉबिन त्या अस्वलाकडे बघून रडली. ज्या पोरीला तिने कडेवर घेऊन शाळेत सोडलं होतं, ती पोर आता जजबाईंची सून होणार आणि तिला बहिणीचं लेकरू बघायला वेळ नाही!

“ती बदलली,” बॉबिन म्हणाली. “मोठ्या लोकांत गेली ती. तिला आमची लाज वाटते.”

आत्या काही बोलली नाही. आत्या बोलली नाही की बॉबिनचा नवराही घाबरून वर बघायचा. तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, आवाज बंद पडला की काहीतरी बिघडलं एवढं त्याला कळायचं.

आत्याने पिशवीतून एक अंगडं काढलं आणि बॉबिनच्या मांडीवर टाकलं. दुधाच्या सायीसारखं पांढरं साटिन, टाचणीच्या गाऊनमधलं उरलेलं. त्या घराची ती पद्धतच होती. घरातल्या शेवटच्या लग्नाचं कापड उरेल त्यातून पुढच्या बाळाचं अंगडं व्हायचं, आणि बाळ पहिल्यांदा घराबाहेर पडायचं ते तेच अंगडं घालून. बॉबिन स्वतः आत्याच्या लग्नाच्या कापडात बाहेर पडली होती. ते लग्न पुढे टिकलं नाही. “पण कापड उत्तम निघालं,” आत्या नेहमी म्हणायची.

बॉबिनने अंगडं उचललं आणि ते खाली उलगडतच गेलं. बटणाच्या पायांच्याही पुढे हातभर लांब.

“आत्या, हे बाळाचं आहे की पडद्याचं?”

“वाढेल की मूल.”

बॉबिनने सवयीने कपडा उलटा केला आणि शिवणीवरून बोट फिरवलं. आत, दोन्ही बाजूंना, लांबच लांब टाके होते. एकेक टाका बोटाच्या पेरागत. ज्या आत्याने तिचे टाके वाकडे पडले म्हणून तिच्याकडून सबंध परकर उसवून घेतला होता, त्या आत्याचे हे टाके! तिने बाबांकडे बघितलं. बाबा भिंतीकडे बघत होते.

आत्याचा हात गेला, बॉबिनच्या मनात आलं. डोळे गेले. आणि सांगत नाही. तिला इतकं वाईट वाटलं की लग्नाला न जाण्याची तिची जिद्दच ढिली पडली. म्हाताऱ्या माणसाने शेवटचं म्हणून एवढं शिवलं, ते बटणाला घालून मिरवायलाच हवं.

“जाऊ या,” ती म्हणाली. “घेऊन जाऊ बटणाला. काय करतील, फाशी देतील?”

“न्यायाधीश आहेत, देऊ पण शकतील,” नवरा म्हणाला.

लग्नाचा हॉल एका उंच इमारतीच्या वरच्या मजल्यावर होता आणि तिथल्या लिफ्टची देखभाल बॉबिनचा नवराच करायचा. त्यामुळे वर जाताना त्याने सगळ्यांना लिफ्टचा आवाज ऐकायला लावला. “ऐका. काही ऐकू येतं का? येत नाही ना? याला म्हणतात देखभाल. आजवर माझी लिफ्ट कधी अडकली नाही.”

वर पायांत रुतेल असा गालिचा, कोपऱ्यात काळ्या कपड्यांतले चार वादक, आणि खुर्च्यांनासुद्धा पांढरे कपडे घालून पाठीमागे फिती बांधलेल्या. आत्याने आत पाऊल टाकताच एका खुर्चीचा कपडा उलटा करून बघितला. “कडासुद्धा दुमडलेल्या नाहीत,” ती म्हणाली, ऐकू जाईल इतक्या आवाजात.

जजबाई दारातच उभ्या होत्या. करड्या रेशमात, मोत्यांची एकच माळ. त्यांचा आवाज इतका हळू होता की समोरच्याला आपोआप पुढे वाकून उभं राहावं लागायचं.

“या,” त्या म्हणाल्या. मग त्यांची नजर बॉबिनच्या खांद्यावर गेली. “पत्रिकेत एक विनंती होती.”

“वाचली की,” आत्या म्हणाली. “लहान मुलांना आणू नये. म्हणून नाही आणलं.”

“मग हे काय आहे?”

“हे? हे सामान आहे.”

जजबाईंनी आयुष्यात बरेच युक्तिवाद ऐकले असतील, पण हा नवीन असावा. सामानाने तेवढ्यात जांभई दिली.

“आणि सामानाला नवरीच्याच कापडाचा पोशाख?” त्यांनी विचारलं. “या प्रकारच्या समारंभात नवरीचा रंग इतर कुणी घालत नाही.”

“तिच्या मापाचं नाही हो ते,” आत्या म्हणाली. “घाबरू नका.”

बॉबिनला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं होतं. जजबाईंनी मात्र फक्त मान हलवली आणि त्यांना शेवटच्या रांगेत, दाराला लागून, अशा जागी बसवलं की आवाज झाला तर एका उडीत बाहेर पडता यावं. जाता जाता त्यांनी बाबांच्या गळ्याकडे एकवार निरखून बघितलं. बाबांनी नवा कोट घातला होता, टाय बांधला होता, आणि टायच्या वरून गळ्यात माप घ्यायची टेप तशीच लोंबत होती. ती काढायचं त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. घरच्यांच्याही आलं नव्हतं. टेपशिवाय बाबा कुणी बघितलेच नव्हते.

खुर्चीत टेकतात न टेकतात तोच बाबांना आतून बोलावणं आलं. परत आले ते चेहरा पाडून.

“पिना मागतेय,” ते बॉबिनच्या कानाशी म्हणाले. “आत कुणाला घेत नाही. दार फटीएवढं उघडते आणि म्हणते, सेफ्टी पिना आणा, असतील नसतील तेवढ्या. माझ्या शिवणीला सेफ्टी पिना! चाळीस वर्षांत माझ्या...” त्यांचा आवाज फुटला.

“मी बघते,” बॉबिन म्हणाली.

“बाळाला घेऊन जा,” आत्या म्हणाली.

“बाळाला कशाला? तू धर ना जरा.”

“घेऊन जा म्हणते ना!”

आत्याशी वाद घालायला वेळ लागतो आणि तो नव्हता. बॉबिन बटणाला घेऊन मागच्या खोलीशी गेली आणि दारावर थाप मारली.

“पिना आणल्या?”

“पिना नाहीत. मी आहे.”

आत साटिन सळसळलं. मग कडी निघाली.

खोलीत आरसा, एक टेबल, त्यावर फुलांचा गुच्छ, आणि मध्ये टाचणी, दोन्ही कोपरं अंगाशी घट्ट दाबून उभी, जशी लहानपणी ती उत्तरपत्रिका पोटाशी लपवून उभी राहायची. चेहरा सगळा रंगवलेला आणि त्यावरून दोन ओघळ.

“हात काढ,” बॉबिन म्हणाली.

“ताई, नको ना.”

“हात काढ म्हणते.”

टाचणीने हात काढले. गाऊन दोन्ही बाजूंना काखेपासून कमरेखालपर्यंत उसवला होता. बॉबिनने वाकून शिवण बघितली. हे बाबांचे टाके नव्हते. एक इकडे, एक तिकडे, कोंबडीने पाय उमटवावेत तसे.

“हे कुणी केलं?”

“मी. काल. घट्ट होत होता म्हणून बाबांची शिवण उसवली आणि आतलं सगळं कापड सोडून परत शिवला. नखं कापायच्या कात्रीने उसवलं.” टाचणीने नाक ओढलं. “आत्ता श्वास घेतला आणि गेला.”

“अगं पण बाबांनी जुन्या मापाला...” बॉबिन बोलता बोलता थांबली. शिवणीवरून तिची नजर सरकून कमरेवर गेली आणि तिथेच राहिली. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत त्याची छाती, कंबर, उंची मनात लिहून मोकळी होणारी ती नजर. तिला टेपची गरजच नव्हती.

“टाचणे!” ती म्हणाली.

टाचणी मटकन खुर्चीत बसली. उसवलेलं आणखी उसवलं.

“कधीपासून?”

“तुझं बटण व्हायच्या आधीपासून. त्याला माहीत आहे. त्याच्या आईला नाही. तुला सगळ्यांच्या आधी सांगायचं होतं, देवाशप्पथ! पण मी सांगायला निघाले तेव्हा तू कळा देत होतीस. आणि मग कशी येणार? वर यायचं तर दुकानातून यावं लागतं. त्या घरात एक माणूस दाखव ज्याच्या डोळ्यांत टेप नाही! बाबा, आत्या, तू. कोट काढला असता तर जिन्यातच सगळ्यांना कळलं असतं. मला तुला सांगायचं होतं गं, तुम्ही ओळखायला नको होतं. मला बटणाला बघायचं होतं. मी रोज त्याचा फोटो बघते. अस्वलाचा रंग निवडायला मला अख्खी दुपार लागली.”

बॉबिनच्या पोटात इतके दिवस जो दगड होता तो निघाला आणि त्या जागी काय आलं ते तिला सांगता आलं नसतं. राग होता, हसू होतं, रडू तर होतंच.

“गाढव,” ती म्हणाली. “सर्दी म्हणे! रडून रडून माझं दूध आटायची वेळ आली होती.” आणि तिने बहिणीचं डोकं पोटाशी धरलं, मध्ये बटण चेपलं गेलं आणि त्याने आवाज लावला.

बाहेर वादकांनी सूर जुळवायला सुरुवात केली.

“आता?” टाचणी म्हणाली.

“आता कापड लागेल. दोन्ही बाजूंना पट्टी घातली तर मिळेल. पण याच रंगाचं हवं. पडदा निळा, टेबलावरचं पिवळं...” बॉबिन गोल फिरली, लहानपणी फिरायची तशी, आणि फिरता फिरता तिची नजर स्वतःच्याच खांद्यावर येऊन अडकली.

तिने बटणाला टेबलावर निजवलं. अंगडं काढलं, उलटं केलं आणि बाजूच्या दोऱ्याचं टोक धरून ओढलं. अख्खा दोरा एका झटक्यात सर्रकन बाहेर आला.

कच्चा टाका.

कच्चा टाका घालतात तो काढण्यासाठीच. शेंबडं पोरगंही दुकानात आधी हे शिकतं. बॉबिनच्या हातात आता अंगडं नव्हतंच, दोन लांब पट्ट्या होत्या. वर निमुळत्या, मध्ये पसरट, कमरेशी बरोबर बाक दिलेल्या. गाऊनच्या दोन बाजूंना घालायच्या दोन कळ्या. आणि कडेला बाबांची खूण, कात्रीचं टोक टेकवून दिलेला बारीकसा छेद, इथे कंबर जुळवा म्हणून सांगणारा.

तिने त्या छेदावरून अंगठा फिरवला.

“काय झालं?” टाचणीने विचारलं.

“काही नाही. उभी राहा. श्वास घेऊ नकोस.”

तिने दार फटीएवढं उघडलं. बाबा बाहेरच होते. तिने काही म्हणायच्या आत त्यांनी कॉलरच्या मागे टोचलेली सुई काढून दिली. दोरा ओवलेला होता. पांढरा.

“माझ्या नवऱ्याला सांगा, वेळ हवाय,” ती म्हणाली. “लग्न लावणारा नोंदणी अधिकारी वर यायचाय अजून. लिफ्टने येईल.”

बॉबिनच्या नवऱ्याला निरोप कळला तेव्हा तो पांढराफटक पडला, असं बाबांनी नंतर सांगितलं. “माझी लिफ्ट?” एवढंच म्हणाला. मग खिशातला स्क्रू-ड्रायव्हर चाचपत, लढाईवर निघाल्यासारखा गेला.

बॉबिन शिवत होती. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच हातात सुई आली होती आणि हात आपोआप चालत होता. डावी बाजू झाली. टाचणीने श्वास घेतला, सोडला, शिवण जागची हलली नाही. बटण टेबलावर नुसत्या लंगोटावर पाय झाडत होतं. ती उजव्या बाजूला वळली, पहिला टाका घातला, आणि बाहेर वादकांनी नवरीच्या येण्याची धून सुरू केली.

झालं होतं असं की अधिकारी अडकवलेल्या लिफ्टमध्ये देवाचं नाव घेऊन ओरडायला लागला आणि बॉबिनच्या नवऱ्याचं काळीज फाटलं. त्याने लिफ्ट सोडली. चांगल्या माणसांकडून असली कामं होत नाहीत.

“एक बाजू उघडी आहे,” टाचणी म्हणाली. “ताई, सगळं दिसतंय. गुच्छ धरून झाकेल?”

“एवढ्याशा गुच्छाने?”

दोघींनी एकाच वेळी टेबलाकडे बघितलं.

बॉबिनने बटणाला उचललं आणि बहिणीच्या उजव्या कडेवर ठेवलं, मान तिच्या खांद्याला टेकवून. बरोबर बसलं. काखेपासून कमरेपर्यंत सगळी उघडी शिवण बटणाच्या मागे गेली. टाचणीने त्याला इतक्या जवळून पहिल्यांदाच बघितलं आणि तिचा रंगवलेला चेहरा पुन्हा वाकडा व्हायला लागला.

“रडायचं नाही,” बॉबिन म्हणाली. “शिवण कच्ची आहे.”

मग दार उघडलं आणि त्या गुळगुळीत, दबक्या, अत्तर लावलेल्या हॉलमध्ये नवरी आली. डाव्या हाताला वडील, गळ्यात टेप. उजव्या कडेवर एक उघडंबंब बाळ, अंगात लंगोटाशिवाय काही नाही. गुच्छ मागे राहिला होता. शेवटच्या रांगेपासून पहिल्या रांगेपर्यंत माना वळत गेल्या. वादकांपैकी एकाचा सूर चुकला. नवरदेव, म्हणजे तो दातांचा डॉक्टर, सगळे दात दिसतील असा हसला, आणि बॉबिनला तो पहिल्यांदाच आवडला.

जजबाई पहिल्या रांगेत ताठ बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काय आहे ते मागून दिसत नव्हतं. मान मात्र जराही हलली नाही.

विस्कटलेल्या केसांच्या अधिकाऱ्याने घाईघाईत वाचायला सुरुवात केली. ‘स्वखुशीने’ या शब्दापर्यंत आला आणि बटणाला भूक लागली. त्याने मान वळवली, तोंड उघडलं आणि नवरीच्या साटिनवर, जिथे त्याच्या मते ते असायला हवं, तिथे जोरजोरात शोधाशोध सुरू केली. साटिन ओलं झालं. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता.

“अरे थांब!” मागून आत्याचा आवाज आला. “तिकडचं दुकान अजून उघडायचंय!”

आधी वादक हसले. मग तो अधिकारी. मग सगळा हॉल हसला, खुर्च्यांच्या फिती हलल्या, आणि ज्यांना त्या वाक्यात फक्त चावटपणा दिसला ते सगळ्यांत मोठ्याने हसले. टाचणी लाल झाली. नवरदेव तिच्याहून लाल झाला. जजबाईंनी हळूच मान वळवून आधी मुलाकडे बघितलं, मग सुनेकडे, मग बटणाकडे.

सह्या झाल्या. बटण कडेवरून हललं नाही.

लोक खाण्याकडे वळले तेव्हा जजबाई शेवटच्या रांगेशी आल्या. बॉबिनच्या हातात दुसरी कळी तशीच चुरगळलेली होती. ती पाठीमागे लपवायला तिला उशीर झाला.

“मी आयुष्यभर पुरावे तपासले आहेत,” जजबाई आत्याला म्हणाल्या. “सामान आलं तेव्हा त्याच्या अंगात कपडा होता. आता नाही. नवरीच्या डाव्या बाजूला एक नवी पट्टी आहे. दुसरी तुमच्या भाचीच्या हातात आहे.” त्या थांबल्या. “एवढं कापड अचानक का लागलं, हे मी विचारणार नाही.”

“नका विचारू,” आत्या म्हणाली. “आमच्या दुकानाचाही हाच नियम आहे. गिऱ्हाईक सांगेल ते माप. अंगाबद्दल आपण तोंड उघडायचं नाही.”

“चांगला नियम आहे.” जजबाई निघाल्या, आणि दोन पावलांवर वळल्या. “पुढच्या समारंभाच्या पत्रिकेतून ती ओळ मात्र काढावी लागेल असं दिसतंय.” त्या हसल्या की नाही ते बॉबिनला कळलं नाही. आत्याच्या मते हसल्या.

मागच्या खोलीत टाचणी गाऊन काढून, साधा कुडता चढवून खुर्चीत पसरली होती. बॉबिनने दुधासाठी रडणाऱ्या बटणाला छातीशी घेतलं आणि सरळ आत्याकडे वळली.

“तुला माहीत होतं.”

“ती दुकानात आली त्याच दिवशी. कोटाचं बटण पुढे सरकवून लावलं होतं.” आत्याने नाक मुरडलं. “आणि काय लावलं होतं! दोऱ्याचा गुंता नुसता. तुझ्या बापालाही दिसलं. तो बोलला नाही, मीही बोलले नाही. तिने जुनं माप सांगितलं, त्याने जुन्या मापाला कापलं. उरलेलं कापड बाजूला ठेवलं.”

“आणि मी? मी रोज रडत होते, आत्या.”

“माहीत आहे. तुझ्या उशीचे अभ्रे कोण धुतं?”

“मग मला तरी सांगायचं!”

“तिची गोष्ट होती,” आत्या म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज उतरला. “ती मी तुला सांगितली असती तर तिच्याकडे काय उरलं असतं? ती तुला बोलवेल एवढं मला माहीत होतं. अडली की ती तुझ्याकडेच येते. लहानपणापासून. मला फक्त कापड तिथपर्यंत पोचवायचं होतं.”

बॉबिनने बटणाला दुसऱ्या बाजूला घेतलं. “मला वाटलं तुझा हात गेला,” ती म्हणाली. “टाके बघून. म्हणून मी आले.”

“हात गेला? माझा?” आत्या भडकली. “कच्चा टाका ओळखता येत नाही आणि मला म्हणते हात गेला! डोळे तुझे गेलेत, बयो!”

बटणाचं पोट भरलं तसं बॉबिनने त्याला आत्याच्या मांडीवर दिलं. ते तिथे लंगोटावरच झोपलं, पहिल्यांदा घराबाहेर पडून, अंगड्याशिवाय. दाराशी बाबा घसा खाकरत उभे होते. त्यांना रडणाऱ्या बायकांच्या खोलीत कधीच यायचं नसे, तरी आले. खिशातून पेन काढलं आणि छताकडे बघत म्हणाले,

“पुढे कपडे लागतील तुला. सैलसर. मापं जुनीच धरायची का?”

टाचणीने त्यांच्याकडे बघितलं. मग ती उठली, खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि दोन्ही हात बाजूला पसरून वर केले, शाळेच्या गणवेशाच्या वेळी करायची तसे.

“नवी घ्या,” ती म्हणाली. “ताई, तू घे.”

बॉबिनने बाबांच्या गळ्यातली टेप काढली आणि बहिणीच्या कमरेभोवती फिरवली. कंबर गरम होती आणि श्वासागणिक हलत होती. माप घेणाऱ्याने आकडा मोठ्याने सांगायचा असतो, बाबा मागे पेन धरून तयार होते. पण तिला आकडा दिसेना. डोळे भरून आले होते.

“वाच की गं!” आत्या ओरडली.

“वाचते,” बॉबिन म्हणाली, आणि तिने टेप पुन्हा पहिल्यापासून लावली.